तांबेखोलचा ठिपका

अमेरिकेत आल्यावरचे पहिले सहा महिने मी नुसती चालत होते. पिस्कॅटवेतल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सला तीन फेऱ्या, मग पोस्ट ऑफिसपर्यंत, तिथं काही काम नसताना आत एक चक्कर, आणि परत. फुटपाथ मधेच संपायचा. हिची गाडी बंद पडली असणार, असं समजून गाड्यांतली माणसं माझ्याकडे बघायची. गाडी मला येतच नव्हती. नोकरी करायची परवानगीही नव्हती. माझ्या व्हिसाला सगळे ‘डिपेंडंट’ म्हणत, आणि पुण्याची एम.एस्सी. झूलॉजी, फर्स्ट क्लास, पदरात घेऊन मी भर दुपारी खिडकीत उभी राहून शेजारणीच्या दाराशी कुठलं पार्सल आलंय ते बघत असे. घरात बसलं की पाय शिवशिवायचे. माझा नवरा श्रीरंग म्हणायचा, तू चालून चालून एक दिवस आमच्या नागपूरला पोचशील.

तरी न्यू जर्सीचा हट्ट माझाच होता. लग्न झालं तेव्हा त्याच्या कंपनीनं त्याच्यापुढे दोन प्रोजेक्ट ठेवले होते, एक टेक्ससमध्ये अर्विंगला आणि एक इथं. अर्विंगला त्याचे नागपूरचे चार मित्र होते, घरं मोठी होती, थंडी कमी होती. मी म्हटलं, न्यू जर्सी. का, तर तिथं एक म्हातारा जर्मन माणूस आहे आणि मला त्याला भेटायचंय. आमचं लग्न ठरवून झालेलं. मुलीची चौकशी जरा कमीच झाली, असं श्रीरंगला त्या दिवशी नक्की वाटलं असणार.

तो म्हातारा म्हणजे डॉ. लोथार ब्रेनेके. कुठला प्राणी कुठे राहतो आणि तिथंच का राहतो, हे शोधणं हे त्याचं शास्त्र. त्यातही त्याचं आयुष्य गोगलगायींत गेलेलं. १९६९ चा अख्खा पावसाळा तो कोकणात एका डाकबंगल्यात राहिला होता, आणि पाच वर्षांनी त्यानं जो निबंध लिहिला त्यावर त्याचं नाव झालं. त्या निबंधात एक नकाशा आहे. किनारपट्टीवरच्या एका गोगलगायीचे ठिपके समुद्राला धरून खाली खाली जातात, आणि एकच ठिपका बाकीच्यांना सोडून वर, ऐन घाटात, एकवीसशे फुटांवर. ब्रेनेकेचं म्हणणं असं की हजारो वर्षांपूर्वी किनाऱ्यावरची हवा कोरडी पडली तेव्हा ही गोगलगाय ओलावा शोधत वर गेली, एका दरीत तिला आसरा मिळाला, आणि पुढे खाली पाऊस परतला तरी तिचा एक गोतावळा तिथंच राहून गेला. त्या एका ठिपक्यावर तो तीस वर्षं देशोदेशी बोलला. त्याच जोरावर त्याला जर्मनीतून अमेरिकेत बोलावणं आलं, विद्यापीठात प्राध्यापकाची खुर्ची मिळाली, पाठ्यपुस्तकांत पानभर जागा मिळाली. आसपासच्या दऱ्यांमध्ये ती गोगलगाय नंतर कुणालाच सापडली नाही. आणि ती एक दरी धरणात गेलेली, त्यामुळे तिथं जाऊन बघायची सोयच उरली नव्हती.

त्या ठिपक्याखाली नाव छापलंय, तांबेखोल. तांबेखोल माझ्या आईचं गाव.

१९६१ साली धरणाचं पाणी गावावर आलं तेव्हा आई चार वर्षांची होती. सरकारनं माणसं ट्रकांत भरली, घाट उतरवला आणि खाली कोकणात माळावर नेऊन सोडली. आईला गावातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पुढे लग्न होऊन ती पुण्यात आली, तिथंच आयुष्य काढलं, पण कुणी गाव विचारलं की तांबेखोल. मी तर पुण्यातच जन्मले. मलाही आजोळ विचारलं की तोंडून तेच नाव येतं. आई गेली तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी लायब्ररीत एका जुन्या नियतकालिकात मला तो नकाशा दिसला. मी दोन कपाटांच्या मधे जमिनीवर बसून रडले. सातबाऱ्यावरून पुसलं गेलेलं गाव एका परक्या माणसानं छापून ठेवलं होतं, आणि हे सांगायला आई नव्हती. मावशी होती, पण तिला यातलं काय कळणार म्हणून मी सांगितलंच नाही. शिकलेल्या माणसांचा हा एक माज असतो, तो माझ्यातही होता.

तर सहा महिने धीर गोळा करून एके दिवशी चालत चालत मी विद्यापीठाच्या बसमध्ये चढले आणि ब्रेनेकेच्या दारात जाऊन उभी राहिले. रिटायर होऊन त्याला दहा वर्षं झाली होती, पण तळघरातली खोली त्यानं सोडली नव्हती आणि सोड म्हणायची कुणाची हिंमत झाली नव्हती. उंच, वाकलेला, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मी म्हटलं, मी उत्तरा, माझं गाव तांबेखोल. तो खुर्चीतून उठला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या दरीतून वाचलेला आणखी एक नमुना आपण होऊन चालत आलाय, असा चेहरा होता.

मग मी रोज जाऊ लागले. काम बिनपगारी, कारण पगार घ्यायला मला बंदी. चार हजार छोट्या डब्या, प्रत्येकीत शंख आणि एक लेबल, आणि मी ती लेबलं कॉम्प्युटरवर चढवायची. लेबलावर ठिकाण, उंची, तारीख, कुणी आणला. तो सारखा बजावायचा की शंख कितीही सुंदर असो, कुठे सापडला ते ठाऊक नसेल तर तो कचरा. दुसरा नियम, जुनं लेबल कधीही फेकायचं नाही. चूक सापडली तर नवं लेबल लिहायचं आणि जुन्याच्या वर ठेवायचं. साडेबाराला तो काळा पाव आणि काकडी खायचा. मी एकदा थालीपीठ नेलं, ते त्यानं काट्या-सुरीनं कापून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, पुसून, आत एक सफरचंद ठेवून परत केला.

त्याच्या आयुष्याबद्दल तो फार बोलायचा नाही. मला तुकड्यातुकड्यानं कळलं ते इतकंच, की जर्मनीच्या पूर्व टोकाला एका लहान गावात त्याचा जन्म झाला, लढाईच्या शेवटच्या जानेवारीत, पंधरा वर्षांचा असताना, आईबरोबर बर्फातून चालत तो तिथून निघाला, आणि परत कधी गेला नाही. ते गाव आता दुसऱ्या देशात आहे आणि त्याचं नावही दुसरं आहे. पुढे ग्योटिंगेनला शिक्षण, डॅन्यूबकाठच्या गोगलगायींवर डॉक्टरेट, मग कोकण, मग अमेरिका. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एक बुधवारचा पोहण्याचा क्लब आणि या चार हजार डब्या.

दोन वर्षं गेली. २००६ च्या उन्हाळ्यात त्यानं सांगितलं की त्याचा मोठा ॲटलस, आयुष्यभराचं काम, पुढच्या वर्षी छापायला जाणार. त्यातलं मुख्य प्रकरण तांबेखोलचं, आणि त्या प्रकरणावर त्याच्याबरोबर माझंही नाव असेल. शिवाय पीएच.डी.च्या अर्जासाठी तो मला शिफारसपत्र देईल. अर्जाची मुदत होती पंधरा डिसेंबर. ब्रेनेकेचं पत्र आणि एक छापील प्रकरण म्हणजे प्रवेश झाल्यात जमा, आणि प्रवेश म्हणजे माझ्या स्वतःच्या नावाचा व्हिसा. मी कुणाची डिपेंडंट राहणार नव्हते. त्या संध्याकाळी मी घरी चालत आले, पाच मैल, आणि पाय दुखले नाहीत.

तांबेखोलच्या डब्या त्यानं कधी कुणाच्या हाती दिल्या नव्हत्या. त्या त्याच्या खोलीतल्या कपाटात असायच्या, किल्ली त्याच्या खिशात. नोव्हेंबरच्या मध्यावर त्या एकेचाळीस डब्या तो स्वतः ट्रेमधून माझ्या टेबलावर घेऊन आला. पहिलं लेबल मी उचललं. आईचं गाव मी स्वतः टाइप करत होते, मला फार बरं वाटत होतं. ठिकाण, तांबेखोल. उंची, एकवीसशे फूट. कुणी आणला, ग्रामस्थ. तारीख, १४ ऑगस्ट १९६९.

तारखेवर माझी बोटं थांबली.

मी सगळ्या डब्या उघडल्या. जुलै एकोणसत्तर, ऑगस्ट एकोणसत्तर, सप्टेंबर एकोणसत्तर. निबंधात या तारखा नव्हत्या, तिथं नुसतं ‘ग्रामस्थांकडून मिळालेले’ असं होतं आणि तळटीपेत ‘ही दरी आता धरणात गेली’. मी इतकी वर्षं समजत होते की कुणीतरी आधी, गाव असताना, गोळा केले असतील. एकोणसत्तर साली तांबेखोलवर आठ वर्षांचं पाणी होतं. देवळाचा कळससुद्धा वर राहिला नव्हता.

ब्रेनेके शेजारच्या टेबलावर भिंगातून काही बघत होता. मी त्याला पोट दुखतंय सांगून निघाले.

चार दिवस मला एका जागी बसवेना. भाजी चिरता चिरता उठायची, जिना उतरायची, परत यायची. डब्यांतली गोगलगाय किनाऱ्यावरची, गाव घाटातलं, आणि गावात तेव्हा मासे. मग शंख कुठून आले? उत्तर मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, फक्त ते कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. श्रीरंगला सांगितलं तर त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. त्याचा हा गुण आहे, ऐकतो. मग म्हणाला, “यार उत्तरा, तू आधी लेटर घे. अॅडमिशन होऊ दे, मग काय ते डिस्कव्हर कर. सदतीस वर्षं कुणाला कळलं नाही, अजून सहा महिने नाही कळलं तर कुणाचं काय जातंय?”

मी त्याच्यावर ओरडले. ओरडले, कारण मीही मनात तेच म्हणत होते.

शनिवारी सकाळी मी फोन कार्ड काढून शोभामावशीला फोन लावला. मावशी आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न होऊनही ती माळावरच्या त्याच पुनर्वसन वसाहतीत, तिसऱ्या गल्लीतून पाचव्या गल्लीत गेली. मी इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर विषय काढला, की लहानपणी कुणी गोरा साहेब आला होता का. मावशी हसायलाच लागली. आला होता की, पेपरमिंटवाला. डाकबंगल्यात राहायचा. दिगंबर मास्तर त्याच्या हाताखाली होते, त्यांनी शाळेत सांगितलं की गोगलगायी आणा, डबाभर आणली की एक पेपरमिंटची गोळी. सगळी पोरं पावसात तेच करायची. शाळेमागच्या गटाराच्या दगडांना, नळाच्या डबक्यापाशी, केळीच्या बुंध्यांत.

“तुझी आई तर लई हावरट,” मावशी म्हणाली. “सगळ्यात जास्त तिनं आणल्या.”

आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. पोरखेळ तो, त्यात सांगण्यासारखं काय. त्या एकेचाळीस डब्यांतल्या कितीतरी शंखांना आईची बोटं लागली होती आणि मी ते चिमट्यानं उचलत होते. शेवटी मी विचारलं, गोगलगायी घेऊन गेल्यावर मास्तर काय विचारायचे?

“काय इचारणार? गाव कुठलं ते इचारायचे आन् वहीत लिवायचे. आमी सांगायचो, तांबेखोल.”

“पण मावशी, तुम्ही तर तेव्हा वसाहतीत होतात.”

“मग काय सांगायचं? वसाहत क्रमांक तीन? ते काय गावाचं नाव असतंय व्हय?”

इतकंच होतं सगळं. ब्रेनेकेनं मास्तरांना सांगितलं असणार, शंख कुठला ते विचारा. मास्तरांनी आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, पोरांनी आपल्याकडे सांगतात तसं सांगितलं. ब्रेनेकेनं संध्याकाळी वही घेऊन जुना इंग्रजी नकाशा उघडला, त्यात तांबेखोल सापडलं, घाटात, एकवीसशे फुटांवर. त्यानं उंची लिहिली. त्याच्या जागी कुणी मराठी माणूस असता तर त्यानं दुसरा प्रश्न विचारला असता, की मूळ गाव ते झालं, राहायला कुठे? हा दुसरा प्रश्न जगात दुसरीकडे कुठे लागत नसेल.

सोमवारी मी त्याला सांगितलं. पत्र अजून लिहिलेलं नव्हतं. घरून निघताना श्रीरंगला मी काही बोलले नव्हते, पण त्याला कळलं असावं, कारण त्यानं मला न विचारता गाडीनं विद्यापीठात सोडलं.

ब्रेनेकेनं आधी शांतपणे माझी चूक काढायचा प्रयत्न केला. सरकारी पुस्तकात धरण पूर्ण झाल्याचं साल बहात्तर होतं, त्यानं ते तपासलं होतं. मी म्हटलं, बांध पूर्ण व्हायच्या अकरा वर्षं आधी पाणी अडवलं होतं, माझ्या आजोबांच्या चुलीत ते शिरलं होतं. मग तो म्हणाला, घाटातली माणसं वाटेनं खाली बाजाराला यायची, त्यांनी बरोबर आणले असतील. मी म्हटलं, घाटात माणसंच नव्हती. मग मी मावशीचं सगळं बोलणं सांगितलं, गटार, डबकं, केळी, पेपरमिंट. पेपरमिंट म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. पेपरमिंटचं तेव्हा तिथं असलेल्या माणसाशिवाय मला कुणी सांगितलेलं असणं शक्य नव्हतं.

मग तो चिडला. म्हणाला, ही कसली माणसं? पायाखाली कुठली जमीन आहे ते माणसाला कळत नाही?

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मावशीला, आईला, आमच्या सगळ्यांना तो मूर्ख म्हणत होता आणि चार दिवसांचं माझं डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, “कळतं. तुम्ही ते विचारलंच नाही. आणि प्रोफेसर, तुम्हाला कुणी गाव विचारलं तर तुम्ही काय सांगता? नकाशावर नसलेलंच नाव सांगता ना?”

हात लांब करून त्यानं दाराकडे बोट दाखवलं. “बाहेर जा.”

मी गेले.

त्यानंतर नऊ दिवस काही नाही. ई-मेल नाही, फोन नाही. थँक्सगिव्हिंग आलं, सगळं गाव बंद, रस्ते मोकळे, आणि मी त्या मोकळ्या रस्त्यांवरून कोट घालून फिरत होते. मला सगळ्यांचा राग येत होता. ब्रेनेकेचा, की एक साधा प्रश्न त्याला सुचला नाही. मास्तरांचा. स्वतःचा तर सगळ्यात जास्त, की खरं सांगायचंच होतं तर निदान ते शेवटचं वाक्य गिळायचं. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाचं आयुष्य मी दहा मिनिटांत मोडलं आणि वर त्याला त्यानं आईबरोबर तुडवलेल्या बर्फाची आठवण करून दिली. श्रीरंग एका शब्दानं ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. रोज रात्रीची भांडी मात्र तो घासायला लागला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या एका सरांचं पत्र मिळतं का ते बघू, असं तो एकदा भीत भीत म्हणाला. दुसरं कोण? या देशात मला ओळखणारा शास्त्रातला माणूस एकच होता.

आणखी एक गोष्ट मी श्रीरंगलाही सांगितली नव्हती. ठिपका गेला की तांबेखोल जाणार होतं. पाठ्यपुस्तकातलं ते पानभर, नकाशा, नाव, सगळं. आजच्या जगात ते गाव छापील असं तिथंच होतं आणि मीच ते खोडायला निघाले होते.

दहाव्या दिवशी सकाळी फोन आला. एकच वाक्य, साडेनऊला या.

खोलीत पाऊल ठेवलं तर एकेचाळीस डब्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीपुढे एक कोरं लेबल. त्याचं वरचं बटण उघडं होतं, दाढी वाढलेली. मला बस म्हणाला नाही. तुमचं पत्र काल गेलं, असं त्यानं मला सांगितलं, आभार मानू नका, जे खरं आहे ते लिहिलंय. ॲटलसमधून ते प्रकरण काढलं. चूक कशी झाली त्याची चार पानांची टिपणी तो स्वतः छापणार होता, एकट्याच्या नावानं. माझं नाव त्यात का नाही, असं मी विचारायच्या आधीच म्हणाला की चूक त्याची एकट्याची आहे, ती त्यानं सदतीस वर्षं एकट्यानं केली. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि जर्मन माणसाच्या पाया पडतात का ते ठाऊक नव्हतं म्हणून उभी राहिले.

“आता काम,” तो म्हणाला. “मला खरं ठिकाण हवं आहे. तुमच्या मावशींना फोन लावा.”

तिकडे रात्रीचे आठ वाजले होते. मी स्पीकरवर फोन लावला. ब्रेनेकेनं पुढे वाकून “नमस्कार बाई” म्हटलं, आणि मावशीनं, तो पेपरमिंटवाला अजून जिवंत आहे का, म्हणून मलाच विचारलं. मग अर्धा तास तो विचारत होता आणि मी दोन्हीकडे पोचवत होते. गटार शाळेच्या कुठल्या अंगाला? दगड काळा की तांबडा? केळीचं रान नळापासून किती पावलं? समुद्र किती लांब? मावशीला एवढ्या बारकाईनं जन्मात कुणी काही विचारलं नसेल, ती खुलली होती. ब्रेनेके भराभर लिहीत होता, आणि मधेच थांबून, चष्मा काढून, हसला. मला म्हणाला, बरोबर आहे, ही गोगलगाय अशाच जागी राहते, घाटात तिला कुणी सांगितलं होतं चढायला. त्या हसण्याकडे मला बघवेना.

मग त्यानं एक कोरं लेबल माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. ठिकाणाचं अधिकृत नाव विचारा, म्हणाला.

मी विचारलं. मावशी म्हणाली, “तांबेखोल लिव.”

“मावशी, ते नाही. आत्ताचं. जिथं तुम्ही राहता ते.”

“अगं पोरी, ते काय नाव हाय का? सरकारी नंबर हाय तो. साहेबाच्या पुस्तकात असलं काय घालू नगंस. आपल्या गावाचं नाव लिव. तुझ्या आईनं येचल्यात त्या.”

मी ब्रेनेकेकडे बघितलं. मी काही भाषांतर केलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही. गावाचं नाव त्याला मावशीच्या तोंडून ऐकू आलं होतं. तो हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. तो हो म्हणाला असता तर कदाचित मी लिहिलंही असतं, तेवढ्याचसाठी तो काही बोलत नसावा.

मी लिहिलं, पुनर्वसन वसाहत क्रमांक तीन. उंची, चाळीस फूट. ब्रेनेकेनं ते लेबल दोन बोटांनी उचललं, फुंकर घालून वाळवलं आणि पहिल्या डबीत, जुन्याच्या वर, ठेवलं. खालचं आईचं गाव झाकलं गेलं. अजून चाळीस लिहायची होती.

“लिवलंस का गं?” फोनमधून मावशी म्हणाली.

“हो.”

“काय लिवलंस?”

ब्रेनेकेनं मान वर केली.

“तांबेखोल,” मी म्हटलं.